वारसा रेल्वेची स्थानकं सांभाळणारे स्वयंसेवक: स्थानक नेमकं कोणत्या सालात थांबवायचं?

फलाटवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका वारसा रेल्वेच्या (म्हणजे जुनी गाडी आणि मार्ग जपून चालवणाऱ्या रेल्वेच्या) छोट्या स्थानकावर मी गेली काही वर्षं स्वयंसेवक म्हणून जातो. वाफेचं इंजिन, एकेरी मार्ग, ताशी २५ मैलांची वेगमर्यादा. इंजिनवाले वेगळे, रूळ बघणारे वेगळे. आमची तुकडी फक्त स्थानक बघते. छपराची लाकडी झालर, प्रतीक्षागृह, बाकं, दिवे, पाट्या, फुलांचे वाफे, कुंपण आणि पन्हळी. पन्हळीचं नाव मुद्दाम घेतलं, कारण ती तुंबली की भिंत ओलावते आणि भिंत ओलावली की आतलं लाकूड कुजायला लागतं. स्थानकाची निम्मी दुखणी तिथून सुरू होतात.

येत्या उन्हाळ्यात सगळं स्थानक नव्याने रंगवायचं आहे आणि त्यावरून तुकडीत दोन तट पडले आहेत. एका तटाला १९३० च्या दशकातले, जुन्या खाजगी कंपनीचे रंग हवेत. दुसऱ्याचं म्हणणं असं की १९४८ ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतरचं १९५० च्या दशकातलं रूप ठेवा, कारण आज हयात असलेल्या माणसांनी पाहिलेलं स्थानक ते आहे. दोन्हीकडची माणसं जीव ओतून काम करणारी आहेत, त्यामुळे वाद जास्तच अवघड झाला आहे.

माझं मत सांगतो. एक साल ठरवावं आणि दाराच्या कडीपासून वेळापत्रकाच्या फळीपर्यंत त्यालाच धरून राहावं. थोडं इकडचं, थोडं तिकडचं केलं की सजावट उरते, स्थानक जातं.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं आहे का? नसेल केलं, पण अशा रेल्वेने प्रवास केला असेल, तर प्रवासी म्हणून काय वाटतं तेही लिहा.

सांधेवाला

पहिला! खिडकीजवळची जागा माझी. सविस्तर रात्री लिहितो.

मृगनयना

फलाटराव, ब्लूबेल रेल्वेला जाऊन या, ससेक्समध्ये. त्यांनी हा वाद फार छान सोडवला आहे. शेफील्ड पार्क स्थानक व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं ठेवलंय, हॉर्स्टेड कीन्स दोन महायुद्धांमधल्या, तिथल्या सदर्न रेल्वे कंपनीच्या काळातलं आणि किंग्सकोट १९५० च्या दशकातलं. गाडीत बसून पुढे जाता जाता प्रवाशाचा काळ बदलत जातो. जाहिरातीच्या पाट्या, दिव्यांचे खांब, रंग, सगळं त्या त्या काळाचं.

म्हणजे वाद तुमच्या एका स्थानकापुरता सोडवूच नका. शेजारच्या स्थानकांनी काय ठेवलंय ते आधी बघा आणि मार्गावर जो काळ कुठेच नाही तो घ्या.

घाटमाथा

राग मानू नका, पण इतका खल कशासाठी? लोक येतात इंजिन बघायला. शिट्टी, धूर, मुलांचे फोटो. स्थानकाच्या खांबाचा रंग १९३५ चा की १९५५ चा, हे शंभरात एकाला तरी कळतं का? तेच मनुष्यबळ इंजिनाच्या बॉयलरवर लावलं तर गाड्या वाढतील.

फलाटवासी

@घाटमाथा, साल कळत नाही हे मान्य. पण काहीतरी चुकतंय हे प्रत्येकाला जाणवतं. प्लास्टिकची खुर्ची, चकचकीत स्टीलचा कठडा, भिंतीवर वायरींचं जाळं असलं की माणूस दोन फोटो काढतो आणि निघतो. तेच सगळं जुळून आलेलं असलं की तो बाकावर बसतो, पाट्या वाचतो, तिकीट खिडकीशी बोलत उभा राहतो.

शिवाय गाडी फलाटावर असते किती वेळ? उरलेला सगळा वेळ प्रवासी स्थानकावर काढतो.

वाफाळलेला

मी इंजिन शेडमधला माणूस. तेव्हा घाटमाथा यांची बाजू मी घ्यायला हवी, पण घेणार नाही.

इंजिन दर दहा वर्षांनी पूर्ण उघडावं लागतं, बॉयलर उतरवून. त्याचा खर्च ऐकून भलेभले गार होतात. त्यात कोळसा. साउथ वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण २०२३ ला बंद झाली आणि तिथला वाफेच्या इंजिनांना मानवणारा कोळसा संपला. आता परदेशातून येतो, महाग पडतो, काही ठिकाणी चुरा दाबून केलेल्या विटा वापरून बघतायत. हा पैसा निव्वळ तिकिटातून निघत नाही. स्थानकावरची चहाची खोली, पुस्तकांचं दुकान, लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने दिलेला फलाट, यातून निघतो. स्थानक देखणं असेल तर लोक थांबतात, थांबले तर खातात. आमच्या बॉयलरच्या नळ्या चहा-केकवर चालतात म्हणा ना.

कुमुदकाकू

वाफाळलेल्या, केक आमच्या हातचा असतो, जपून बोल. 🙂

मी चहाच्या खोलीत आणि बागेत असते. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. स्थानकाची बाग हा शोभेचा नंतर सुचलेला प्रकार नव्हे. पूर्वी इकडे उत्तम राखलेल्या स्थानकांच्या स्पर्धा असायच्या, पोर्टर आणि स्टेशनमास्तर गाड्यांच्या मधल्या वेळात वाफे राखायचे, स्थानकाचं नाव चुना लावलेल्या दगडांनी उतारावर लिहायचे. त्यामुळे कुंडीत काय लावायचं यालाही साल असतं बरं का! हल्लीच्या संकरित, भडक जाती लावल्या की जुन्या फोटोशी मेळ बसत नाही. आम्ही जिरेनियम, लोबेलिया, स्वीट पी लावतो. मे महिन्यातलं शेवटचं गोठलेलं दहिवर पडून गेल्याशिवाय जिरेनियम बाहेर काढायचं नाही, हा नियम नवीन आलेल्यांना मी पहिल्या दिवशी सांगते आणि तरी दरवर्षी कुणीतरी एप्रिलच्या उन्हाला भुलतंच.

सुतारपक्षी

रंगाच्या सालाचं तुम्ही ठरवा, मी रंगाखालच्या लाकडाचं बोलतो.

छपराच्या झालरीच्या फळ्या उभ्या असतात आणि खाली टोकदार किंवा गोल कापलेल्या असतात. त्या कापलेल्या टोकाला लाकडाची शिरं उघडी पडतात. पाऊस ओघळतो, थेंब त्या टोकाशी लोंबत राहतो आणि लाकूड तो खालून वर ओढून घेतं. म्हणून फळी समोरून ठणठणीत दिसते आणि खालच्या चार बोटांत पेन्सिल खुपसली तर आत जाते. नवीन फळी बसवायची असेल तर ती चढवण्याआधी जमिनीवर असतानाच टोकांना प्रायमरचे दोन-तीन हात पाजा. एकदा वर चढवली की त्या टोकाला ब्रश नीट पोचत नाही आणि शिडीवरून कुणी प्रयत्नही करत नाही. आणि सगळी फळी बदलू नका. कुजलेला भाग तिरका कापून तेवढाच तुकडा सांधा. वरचं लाकूड शंभर वर्षांपूर्वीचं, सावकाश वाढलेल्या झाडाचं असतं. आज तसं बाजारात मिळत नाही.

दुसरं, विटांमधल्या दरजा (सांध्यांच्या फटी). मागच्या पिढीतल्या कुणीतरी उत्साहाने सिमेंटने भरलेल्या असतात. जुन्या मऊ विटेला चुनाच हवा. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटने ती अडते, मग विटेतून निघायला बघते, थंडीत गोठते आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. सिमेंट जसंच्या तसं, वीट मात्र गेलेली, असं दिसतं ते यामुळे.

रानभूल

सुतारपक्षी +१. वाचनखूण साठवली आहे.

जुनीवाट

चर्चा रंगली आहे तर थोडा इतिहास. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणजे वेल्समधली टॅलिथलिन. १८६५ पासूनची, पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली, सव्वादोन फुटी गेज. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण बंद पडल्यावरही स्वतःच्या खिशातून गाडी चालू ठेवली. १९५० मध्ये ते वारले. टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी त्याच वर्षी बर्मिंगहॅमला सभा घेतली, संस्था काढली आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. तोवर रेल्वे ही हौशी माणसांनी चालवायची गोष्ट आहे असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

त्यानंतर ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख बीचिंग साहेब यांचा १९६३ चा अहवाल आला, हजारो मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून जास्त स्थानकं बंद करा म्हणणारा. गावंच्या गावं हळहळली, आणि त्यातूनच पुढच्या कितीतरी वारसा रेल्वे उभ्या राहिल्या. आज ब्रिटनमध्ये अशा दीडशेहून जास्त रेल्वे आहेत आणि सुमारे २२,००० स्वयंसेवक.

माझ्या मते सगळ्यात अचाट काम वेल्समधल्याच फेस्टिनियोग रेल्वेवाल्यांचं. त्यांच्या मार्गाचा एक भाग जलविद्युत प्रकल्पाच्या तलावाखाली गेला. तर या लोकांनी १९६५ पासून फावडी, कुदळी आणि सुरुंग घेऊन डोंगरातून नवीन मार्ग खणायला घेतला, चढ गाठण्यासाठी डुआल्टला मार्गाचं वेटोळं काढलं आणि १९८२ ला गाडी ब्लायनाय फेस्टिनियोगपर्यंत नेली. बहुतेक सगळे सुट्टीच्या दिवशी येणारे!

लिंबोणी

फलाटवासी, "कडीपासून फळीपर्यंत एकच साल" या तुमच्या वाक्यावर मला थांबावंसं वाटलं.

माझी आई व्हीलचेअर वापरते. तिला रेल्वेचं लहानपणापासून वेड, तिचे वडील रेल्वेत होते. आम्ही तिला एका वारसा रेल्वेवर घेऊन गेलो. (नाव देत नाही.) समोरच्या फलाटावर जायला फक्त पायऱ्यांचा पूल. रॅम्प का नाही विचारलं तर उत्तर मिळालं, "त्या काळात नव्हता." आई हसून "असू दे" म्हणाली, पण परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही.

१९३० च्या दशकात पुष्कळ गोष्टी नव्हत्या. त्यातल्या कोणत्या परत आणायच्या आणि कोणत्या नाही, हे आपणच ठरवतो ना? मग ज्या काळात माझ्या आईसारख्यांना फलाटावर जागा नव्हती, त्या काळाचा तेवढा भाग जपायचं काय अडलंय? इथला २०१० चा समानता कायदाही जमेल तेवढे बदल करा असंच सांगतो.

फलाटवासी

लिंबोणीताई, तुमचं म्हणणं पटलं, आणि आईंना नमस्कार सांगा. आमच्याकडे रॅम्प आहे आणि तो मोठ्या फलाटाच्या टोकाला आहे, जिथे पूर्वीही सामानाच्या हातगाड्या चढवायला उतार असायचा. जुन्या फोटोत तो दिसतो. तोच थोडा लांबवून, चढ कमी करून, त्याच निळसर विटांनी बांधला आहे. कठडा हवाच होता, तो जुन्या कुंपणाच्या नमुन्याचा घेतला. अपंगांसाठीचं स्वच्छतागृह पूर्वीच्या दिव्यांच्या कोठडीत बसवलंय, बाहेरून दार तसंच.

"एक साल" म्हणतो तेव्हा मला डोळ्यांना दिसणारं रूप म्हणायचं आहे. माणसाला आत येऊ न देणारं काहीही त्यात बसत नाही.

अभ्यंकर_पुणे

लिंबोणी यांचा प्रतिसाद आवडला. पण दुसरी बाजू मांडतो. सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या सूचीत असलेल्या वास्तूला हात लावायचा तर परवानगी लागते, आणि कधी कधी स्वयंसेवकांची इच्छा असूनही फलाट रुंदीला पुरत नाही म्हणून रॅम्प होत नाही. त्यांना सरसकट निष्ठुर समजू नये.

लिंबोणी

सरसकट कुणालाच म्हटलं नाही. "जागा नाही, क्षमस्व, आम्ही गार्डच्या डब्यातून समोर सोडतो" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. उत्तरात काळ पुढे केला, त्याचं वाईट वाटलं.

मृगनयना

याच्याशी पूर्ण सहमत. आणि खरं तर जुनं-नवं ही भिंत तितकी पक्की नाहीच. सेव्हर्न व्हॅली रेल्वेचं किडरमिन्स्टर स्थानक बघून लोक "काय जुनी वास्तू आहे" म्हणतात. ते १९८४ चं बांधकाम आहे, व्हिक्टोरियन धाटणीचं. ग्लॉस्टरशायर वॉरिकशायर रेल्वेचं ब्रॉडवे स्थानक १९६० ला बंद झालं, नंतर जमीनदोस्त केलं. स्वयंसेवकांनी फलाटापासून सगळं परत उभारलं आणि २०१८ ला तिथे गाडी आली. कीथली आणि वर्थ व्हॅलीवरच्या इन्ग्रोची इमारत तर दुसऱ्याच मार्गावरच्या फॉल्रिज स्थानकाची. दगडन् दगड सोडवून आणली आणि इथे रचली. आता याचं "खरं साल" कोणतं सांगणार?

सांधेवाला

रात्र झाली, आलो.

मी सिग्नल केबिनमध्ये असतो. केबिन स्थानकाच्या तुकडीत येते की नाही यावर आमच्याकडे मतभेद आहेत, पण खिडक्या पुसायला मात्र सगळे आम्हालाच लावतात.

केबिनमध्ये सालाचा प्रश्न फार कमी येतो, कारण तिथलं प्रत्येक जुनं साधन अजून कामाला आहे. लिव्हरचे रंग बघा. लाल म्हणजे थांबा सिग्नल, पिवळा म्हणजे दूरचा सिग्नल, काळा सांध्याचा, निळा सांध्याच्या कुलपाचा, पांढरा म्हणजे रिकामा. ते रंग सौंदर्यासाठी बदलायची कुणाची हिंमत नाही. लिव्हरचा वरचा दांडा पॉलिश केलेल्या लोखंडाचा. त्याला उघडा हात लावायचा नाही. घामाने एका रात्रीत गंज धरतो. म्हणून प्रत्येक सिग्नलवाल्याच्या हातात फडकं असतं आणि फडक्यानेच लिव्हर ओढायचा. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला फडकं मिळतं, लिव्हर बऱ्याच महिन्यांनी.

घाटमाथा यांच्यासाठी आणखी एक. स्वयंसेवक म्हणजे हौशे-नवशे नव्हेत. केबिनमध्ये बसायचं तर नियमांची परीक्षा, मग जुन्या माणसाच्या हाताखाली शिकणं, मग तपासणी, आणि ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा. २००६ चे सुरक्षा नियम पगारी आणि बिनपगारी असा फरक करत नाहीत. एकेरी मार्गावर टोकन (त्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी जावी म्हणून दिली जाणारी खूण) हातात असल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही, मग तो आठवडाभर बँकेत काम करणारा का असेना.

घाटमाथा

@सांधेवाला, ही माहिती नवीन होती, आभार. मी मघाशी मनुष्यबळ इंजिनावर लावा म्हटलं. पण स्थानकावरच्या सेवानिवृत्त माणसाला बॉयलरमध्ये घालता येत नाही हेही खरं. त्याला जे जमतं, आवडतं, तेच तो करणार.

तरी एक शंका राहते. ही सगळी माणसं साठी-सत्तरीची. पुढे काय?

वाफाळलेला

तीच सगळ्यांची मोठी काळजी आहे. आणि यात कायद्याचाही गुंता आहे. १९२० चा एक कायदा शाळकरी वयाच्या मुलांना रेल्वेसारख्या उद्योगात काम करायला मनाई करतो. तो झाला तेव्हा कारखान्यांत राबणाऱ्या पोरांना वाचवायचं होतं. रविवारी वडिलांबरोबर येऊन बाक रंगवणारी मुलगी तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. त्यामुळे कित्येक रेल्वे सोळाच्या आतल्या मुलांना घ्यायला कचरतात. पण नाद लागतो तो बाराव्या-तेराव्या वर्षी! सोळाव्या वर्षापर्यंत मूल दुसरीकडे वळलेलं असतं.

इथेच स्थानकाचं महत्त्व. इंजिनापाशी आणि रुळांवर मुलांना नेता येत नाही. बागेत, पुस्तकांच्या दुकानात, मोठ्यांच्या देखरेखीखाली नेता येतं. आमच्या शेडमधले आजचे चांगले फायरमन बघितले तर त्यातले बरेच स्थानकावर झेंडूला पाणी घालत मोठे झालेले आहेत.

कुमुदकाकू

झेंडू नाही रे, जिरेनियम!

बार्शीलाईट

थोडं अवांतर करतो, चालवून घ्या.

हे सगळं वाचताना आमच्या बार्शी लाइट रेल्वेची आठवण येते. १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरची कल्पना. पुढे पंढरपूर, लातूर, १९२७ ला मिरज. हाच कॅल्थ्रॉप नंतर इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्डची छोटी रेल्वे बांधायला गेला. म्हणजे आधी बार्शीला केलं, मग इंग्लंडात! आता आमचा मार्ग रुंद झाला. त्याने सोय झाली, गाड्या वेगाने जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण वारीला त्या छोट्या गाडीने गेलेली माणसं अजून आहेत, आणि त्या मार्गावरचं एखादं स्थानक, एक फलाट, एक तिकीट खिडकी आहे तशी सांभाळायला गावातली माणसं आनंदाने पुढे आली असती. कुणी विचारलंच नाही.

आणि माथेरान? १९०७ ची गाडी, आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान. पावसाने मार्ग वाहून जातो, गाडी बंद पडते, पुन्हा सुरू होते. २००५ च्या पुरानंतर २००७ ला, २०१९ च्या पावसानंतर २०२२ ला. तिथल्या जुम्मापट्टीसारख्या स्थानकासाठी तुमच्यासारखी तुकडी का होऊ नये?

अभ्यंकर_पुणे

बार्शीलाईट, भावना पोचली, पण फरक लक्षात घ्या. ब्रिटनमधल्या बहुतेक वारसा रेल्वे मुख्य रेल्वेने सोडून दिलेल्या मार्गांवर आहेत. संस्थेने मार्ग विकत किंवा भाड्याने घेतला, जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. माथेरान मध्य रेल्वेकडे आहे, दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला सरकारी रेल्वेकडेच आहेत. तिथे स्वयंसेवकाने रुळांजवळ पाऊल टाकायचं म्हटलं तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४७ वं कलम आडवं येतं, विनापरवाना प्रवेशाचं.

बार्शीलाईट

रुळांवर कोण जातंय? इमारत, बाक, बाग, पाट्या एवढंच म्हणतोय. रेल्वेनेच परवानगी द्यावी, एक अधिकारी नेमावा. मुंबईत २०१६ ला लोकलच्या स्थानकांच्या भिंती स्वयंसेवकांनी रंगवल्याच ना?

सुतारपक्षी

बार्शीलाईट, तो उपक्रम उत्साहाचा होता, भिंती स्वच्छ झाल्या, मी त्याचं कौतुकच करतो. पण भिंतीवर चित्र काढणं वेगळं आणि जुनी वास्तू राखणं वेगळं. आपल्याकडे गावोगावी दगडी देवळांना ऑइलपेंट फासतात, त्यात भक्ती खरीच असते, पण दगडाचा जीव गुदमरतो. तसं जुम्मापट्टीचं व्हायला नको. आधी एका जाणत्या माणसाने इमारतीची पाहणी करावी, काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही याची यादी भिंतीला लावावी. मग शंभर हात आले तरी भीती नाही. अशी यादी असेल तर सुट्टीवर आलो की मी स्वतः हत्यारं घेऊन नेरळला हजर.

बार्शीलाईट

शब्द दिलात, लक्षात ठेवतो!

मेलबर्नी

ऑस्ट्रेलियातून हजेरी. आमच्याकडच्या पफिंग बिली या वारसा रेल्वेचं गेज तेच, अडीच फूट, बार्शीचंच. १९५३ ला दरड कोसळली, पुढच्या वर्षी मार्ग बंद केला. लोकांनी संस्था काढली, लष्कराच्या तुकड्यांची मदत घेऊन दरडीला वळसा घातला आणि १९६२ ला गाडी बेलग्रेव्हहून मेन्झीस क्रीकपर्यंत सुरू झाली. मार्ग तिथे सरकारी मालकीचाच आहे, कामाला पगारी माणसं आणि स्वयंसेवक दोन्ही. म्हणजे अभ्यंकरांची अडचण खरी असली तरी सुटत नाही अशी नाही.

रानभूल

माझा एक बारका प्रश्न. फलाटावर टांगलेल्या त्या लाल बादल्यांचं बूड गोल का असतं? मागच्या भेटीत बघितलं, विचारायचं राहिलं.

सांधेवाला

आगीच्या बादल्या. गोल बुडाची बादली जमिनीवर उभी राहत नाही, म्हणून कुणी फरशी पुसायला नेत नाही. खुंटीवरच राहते, आग लागली की जागेवर सापडते.

रानभूल

वा! असं काही कळलं की धाग्याचे पैसे वसूल.

इंदुमती_क

उशिरा येतेय धाग्यावर. मी तिकीट खिडकीत बसते, म्हणून तिकिटाबद्दल. आम्ही जाड पुठ्ठ्याची एडमंडसन तिकिटं देतो. थॉमस एडमंडसन मूळचा सुतार, लाकडी फर्निचर बनवणारा. नंतर स्टेशनमास्तर झाला आणि १८३० च्या दशकात त्याने क्रमांक छापलेली ही तिकिटं काढली. आपल्याकडेही संगणक येईपर्यंत तीच होती. तारीख उठवायच्या यंत्रात तिकीट सरकवलं की "खटॅक" होतं. भारतातून आलेली साठीपुढची मंडळी तो आवाज ऐकली की थबकतात, पुन्हा एक तिकीट मागतात. इंग्रज म्हातारेही तसेच. सालाबद्दल म्हणाल, तर माझं मत १९५० च्या बाजूने. कुणाला तरी ओळखीचं वाटलं पाहिजे. ज्याला ते आठवतं तो माणूस फलाटावर उभा राहून नातवाला सांगतो, आणि ते कुठल्याही माहितीफलकापेक्षा जास्त चांगलं सांगितलेलं असतं.

अभ्यंकर_पुणे

इंदुमतीताई, मग वीस वर्षांनी १९५० आठवणारं कुणी नसेल. तेव्हा १९७० चं करायचं का?

इंदुमती_क

तेव्हाच्या तुकडीने ठरवावं की! आपण त्यांच्या हाती धड लाकूड आणि नीट लिहिलेली वही दिली म्हणजे झालं.

फलाटवासी

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यातले बरेच मुद्दे तुकडीच्या बैठकीत वाचून दाखवले (भाषांतर करून) आणि निर्णय झाला आहे.

आधी वाद थांबवून रंग खरवडून बघायचं ठरलं. सूचनाफलक भिंतीवरून काढला. त्याच्यामागे ऊन-पाऊस पोचलेलं नाही आणि घाईत रंगवणारेही फलक न काढता भोवतीनेच ब्रश फिरवतात, त्यामुळे तिथे थर शाबूत होते. तळहाताएवढ्या चौकोनात धारदार पात्याने एकेक थर पायरीपायरीने उघडला. सगळ्यात वर स्वयंसेवकांचे दोन थर. त्याखाली ब्रिटिश रेल्वेच्या पश्चिम विभागाचे चॉकलेटी आणि क्रीम. त्याखाली जुन्या ग्रेट वेस्टर्न कंपनीचे फिकट आणि गडद दगडी रंग, तेही एकाहून जास्त वेळा दिलेले. म्हणजे दोन्ही तटांचं म्हणणं भिंतीत होतंच.

मग दुसरा प्रश्न विचारला: रंग सोडून बाकी काय शिल्लक आहे? नावाच्या एनॅमलच्या पाट्या चॉकलेटी, १९४८ नंतरच्या. (तेव्हा प्रत्येक विभागाला रंग ठरवून दिला होता. दक्षिणेला हिरवा, लंडन मिडलंडला मरून, ईशान्येला नारिंगी, स्कॉटलंडला फिकट निळा.) दिव्यांचे खांब त्याच काळातले. तिकीट खिडकीचं कपाटही. १९३० चं करायचं म्हटलं तर हे खरं सामान काढून नकला बसवाव्या लागल्या असत्या. तिथे ३० वाल्यांनी स्वतःहून माघार घेतली. आमच्यातल्या सगळ्यात कट्टर माणसाने म्हटलं, "खरी पाटी काढून खोटी लावायला मी इथे आलो नाही." तेव्हा साल ठरलं, १९५५ च्या आसपास.

मृगनयना, तुमची सूचनाही कामी आली. पुढच्या स्थानकाच्या तुकडीशी बोललो. त्यांच्याकडे जुन्या कंपनीच्या काळातलं सामान जास्त आहे, ते ३० चं दशक घेणार आहेत.

आणि तो तळहाताएवढा चौकोन तसाच उघडा ठेवतोय. फलक थोडा बाजूला सरकवून लावणार, खाली छोटी चिठ्ठी, कोणता थर कधीचा.

लिंबोणी

फार छान. आईला वाचून दाखवलं. रॅम्प आहे म्हटल्यावर तिने विचारलं, गाडी कधी असते?

फलाटवासी

ताई, व्यक्तिगत निरोप केला आहे. येण्याआधी एक फोन करा, डब्यात चढायची फळी लावून ठेवतो.

सुतारपक्षी

निर्णय आवडला. एक काळजीची सूचना. ते खालचे दगडी रंगाचे थर शिशाचे असणार. तपासणीचं किट मिळतं, आधी खात्री करा. कोरडं घासू नका, पॉलिश पेपर ओला करूनच वापरा, मास्क साधा नको, बारीक धूळ अडवणारा हवा. खाली प्लास्टिक अंथरून पापुद्रे गोळा करा, वाफ्यात पडू देऊ नका, आणि मुलांना त्या दिवशी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. हात धुतल्याशिवाय चहाला कुणी जायचं नाही.

कुमुदकाकू

ते शेवटचं मी बघते. साबण चहाच्या खोलीच्या दाराबाहेर ठेवते आणि हात बघूनच आत सोडते.